कबूल केलेला चंद्र

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या थोरल्या बहिणीला चंद्र दाखवायचे कबूल केले.

व्यापारी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहणारा. नाव धनपाल. गावाच्या कडेला त्याची लाकडाची वखार होती आणि वखारीला लागूनच घर. सागवानाच्या तुळया, आंब्याच्या फळ्या, शिसवीचे ओंडके यांच्या भुशात त्याचे उभे आयुष्य गेले. साठी उलटली, मुलगा हाताशी आला, तेव्हा त्याने किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या आणि तो मोकळा झाला.

थोरली बहीण राजमती. तिला सारे गाव आक्का म्हणे. आई वारली तेव्हा धनपाल नुकता चालायला लागला होता आणि आक्काला परकर-पोलक्यातून साडीत येऊन फार दिवस झाले नव्हते. तिने त्याला कडेवर घेतले ते घेतलेच. तिला सांगून आलेली स्थळे एकामागून एक परत गेली. ‘ह्याला कुणाच्या पदरात टाकून जाऊ?’ एवढेच ती म्हणायची. लग्नाचे वय कधी टळून गेले हे घरात कोणाच्या ध्यानातही आले नाही. तिच्या स्वतःच्या ध्यानात आले असेल. पण ती कधी बोलली नाही. भावाचे लग्न झाले, मुले झाली, नातवंडे झाली. आक्का त्याच घरात सगळ्यांच्या मागून जेवत राहिली. गरम भाकरी दुसऱ्याच्या ताटात, करपलेली तिच्या. दिवाळीला सगळ्यांच्या साड्या निवडून झाल्या की उरेल ती तिची. धनपालला हे दिसत नव्हते असे नाही. वय वाढत गेले तसे ते त्याला अधिकच दिसू लागले.

वखारीतून मोकळा झाल्यावर मुलाने विचारले, “आप्पा, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा.” धनपाल जरा लाजत म्हणाला, “दुर्बीण.” लहानपणी उन्हाळ्यात आक्का त्याला घेऊन परसात बाजेवर निजायची आणि आभाळातले सप्तर्षींचे बाजले, त्याच्यामागे लागलेले तीन चोर दाखवायची. ती ओढ कुठेतरी टिकून राहिली होती. मुलाने शहरातून चांगली पांढऱ्या नळीची, तिपाईवर उभी राहणारी दुर्बीण आणवली. सोबत डोळ्याशी लावायची तीन भिंगे होती. एक कमी शक्तीचे, एक मधले आणि एक फार मोठे करून दाखवणारे. खोक्यावर शनीचे चित्र होते. सोन्याच्या बांगडीसारखे कडे, वर रंगीत पट्टे.

धनपालने ते खोके आक्काच्या पुढ्यात धरले. “बघ. शनीचं कडं असं दावतो तुला, की हात लावावासा वाटंल.”

आक्का चष्मा पुढे-मागे करीत चित्र बघत राहिली. मग म्हणाली, “शनी-बिनी र्‍हाऊ दे बाबा. मला चंद्र दाव. इतकी वर्सं नुसतं लांबनंच बघणं झालं.”

“चंद्र तर पहिला! घे, कबूल!”

त्यांचे घर जैन वळणाचे. दिवस मावळायच्या आत जेवणे उरकलेली असत, त्यामुळे संध्याकाळ मोकळीच. पहिल्याच दिवशी धनपालने दुर्बीण गच्चीवर नेली. दिवसभर तापलेला स्लॅब अजून पायांना चटका देत होता. अर्धा चंद्र माथ्यावर आलेला. धनपालने विचार केला, सगळ्यात मोठे दाखवणारे भिंग असताना लहान लावायचे कशाला? त्याने मोठे भिंग बसवले आणि डोळा लावला.

आधी नुसता काळोख. नळी इकडे-तिकडे हलवता हलवता एकदम पांढरा झोत आला आणि निघून गेला. पुन्हा शोधला. सापडला तो चंद्र कढत्या तेलात सोडलेल्या पुरीसारखा थरथरत होता. काठ उकळत होते. स्क्रू फिरवला की अंधुक, उलटा फिरवला की जास्तच अंधुक. बोट लागले की सगळे हेलकावत होते. आणि जरा कुठे जमले असे वाटावे, तोवर चंद्र सरकून भिंगाबाहेर.

आक्का एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर टेकवीत जिना चढून वर आली. “दिसतंय का रं?”

“अजून न्हाई.”

“बघू दे की जरा.”

“आता काय बघतीस? नुसता धूर दिसतोय. नीट दिसू दे, मग बोलावतो.”

“कसं बी असंल. मला काय त्यातलं कळतंय?”

“कसं बी कशाला, आक्का?” धनपाल नळीवरून डोळा न काढता म्हणाला. “तुला दावायचं तर एक नंबर दावणार.”

आक्का पालथ्या बादलीवर टेकली. थोडा वेळ तिने नुसत्या डोळ्यांनीच चंद्राकडे पाहिले, मग गार वारा सुटला म्हणून पदर अंगाभोवती घेत खाली गेली. धनपालला तिच्या पावलांचा आवाज ऐकू आला. त्याच्या मनात आले, आजवर हिच्या वाट्याला सगळे उरलेसुरलेच आले. निदान आपल्या हातून जाणारी ही एक गोष्ट तरी पहिल्या प्रतीची असू दे. या विचाराने त्याचे मन भरून आले आणि त्याने पुन्हा स्क्रू फिरवायला सुरुवात केली.

असे बरेच दिवस चालले. दर संध्याकाळी आक्का विचारायची, दर संध्याकाळी धनपाल ‘उद्या’ म्हणायचा. दुर्बिणीत खोट आहे, असे त्याने ठरवून टाकले. शेवटी बायको म्हणाली, “अहो, एकदा सोवनी गुरुजींना तरी विचारा. शाळेच्या मैदानावर पोरांना दावायचे न्हवं ते?”

सोवनी गुरुजी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत. धनपालही त्यांच्याच हाताखालून गेलेला. स्वतः काच घासून त्यांनी एक दुर्बीण केली होती आणि गावातल्या कितीतरी मुलांना तिच्यातून गुरूचे चंद्र दाखवले होते. आता ते फार थकले होते, काठीशिवाय चालत नसत. पण निरोप गेल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी खांद्याला कापडी पिशवी अडकवून हजर झाले.

त्यांनी दुर्बिणीत खोट शोधली नाही. आधी ती गच्चीवरून उतरवून परसात मातीवर ठेवायला लावली. “तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो. त्या हवेतून बघणं म्हणजे चुलीवरच्या वाफेतून बघणं.” मग दिवसाउजेडी लांबच्या पाण्याच्या टाकीवर नळी रोखून, वरची छोटी शोधायची नळी तिच्याशी जुळवून दिली. डोळ्याच्या उंचीला येईल असे एक स्टूल मागवले. “वाकून, मान वाकडी करून बघशील तर दोन क्षणांत कंटाळशील. बसून बघायचं.”

दिवस मावळला. गुरुजींनी स्वयंपाकघराचा दिवा मालवायला सांगितला आणि दुर्बीण तशीच ठेवून आपण पायरीवर बसले.

धनपाल उतावळा झाला होता. “गुरुजी, आता काय करायचं?”

“बसायचं.”

“आणि?”

“नळी घरातून आली आहे. तिला बाहेरची हवा लागू दे. आणि तुझ्या डोळ्यांना थोडा अंधार लागू दे.”

दोघे बसले. परसातल्या आळवाच्या पानांचा हिरवा रंग हळूहळू जाऊन नुसते आकार उरले. मग गुरुजी उठले. तिन्ही भिंगांतले सगळ्यात कमी शक्तीचे भिंग त्यांनी बसवले, नळी चंद्राकडे केली आणि बाजूला झाले. “बघ.”

धनपालने डोळा लावला. अख्खा चंद्र नळीत स्थिर उभा होता. लहान, पण असा लख्ख, की काठ जणू विळीवर कापलेला. उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेघेवर खड्ड्यांच्या कडा एकेक करून उठून दिसत होत्या.

“आयला!” एवढेच त्याच्या तोंडून निघाले. मग लगेच मान वर करून तो म्हणाला, “आता मोठं भिंग लावूया गुरुजी?”

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते सगळ्यात मोठे करून दाखवणारे भिंग डबीतून उचलले, रुमालात गुंडाळले आणि आपल्या पिशवीत टाकले.

“हे माझ्याकडे राहू दे.”

धनपालला वाटले, ते थट्टा करताहेत. “अहो गुरुजी, तेच तर सगळ्यात भारी हाय!”

“म्हणूनच. लागलं तर मागायला ये.” काठी उचलता उचलता त्यांनी विचारले, “राजमती कुठे दिसत नाही?”

“बस्तीत गेलीया, प्रवचनाला.”

“आली की दाखव तिला.”

“व्हय, व्हय,” धनपाल म्हणाला. पण त्याचे लक्ष गुरुजींच्या पिशवीकडे होते.

आक्का बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, परतली तेव्हा चंद्र अजून आभाळात होता. परसात भाऊ स्टुलावर बसलेला पाहून ती हातातली पूजेची ताटली घेऊन तशीच मागे आली. “गुरुजी येऊन गेलं म्हणं? दिसतंय आता?”

धनपालचा चेहरा पडलेला होता. इतका वेळ त्याने एकच विचार केला होता: एवढ्यातून इतके स्वच्छ दिसते, तर मोठ्या भिंगातून काय दिसले असते! खोक्यावरचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

“गुरुजींनी चांगलं भिंग नेलं गं. का नेलं, त्यांनाच ठावं. आता ह्यातनं लई बारकं दिसतंय.”

“मला बारकं बी चालंल.”

“आक्का, हट्ट करू नको. ते परत येऊ दे, न्हाईतर मी दुसरं मागवतो. मग बघ सावकाश.”

‘हट्ट’ हा शब्द तिच्या वाट्याला आयुष्यात फारसा आला नव्हता. तिने ताटली दुसऱ्या हातात घेतली आणि ती आत गेली. त्या दिवसापासून तिने विचारणे सोडले. संध्याकाळी परसातल्या धुण्याच्या दगडावर येऊन बसायची, शेंगा सोलायची किंवा जप करायची, आणि भाऊ नळीशी झटत असला की मधूनच त्याच्याकडे बघायची. बोलावले तर जावे, एवढ्याच अंतरावर.

गुरुजींकडे भिंग मागायला जाणे धनपालला कमीपणाचे वाटले. त्याने पुण्याहून त्याहूनही मोठे भिंग मागवले. ते यायला वेळ लागला. आले तेव्हा आभाळ ढगाळ. आभाळ मोकळे झाले तेव्हा लक्षात आले, की या भिंगातून तर पहिल्याहूनही वाईट दिसते. मग त्याने तिपाई बदलली, भिंगे पुसायचे कापड बदलले. घरातली माणसे त्याच्या नादाला हसू लागली. त्याने शनीही शोधला. कमी शक्तीच्या भिंगातून शनी दिसला तो तांदळाच्या दाण्याएवढा, पण कड्यासकट, टाकाने काढल्यासारखा. तो कोणाला दाखवायला धनपालला लाज वाटली. खोक्यावरच्या चित्रापुढे हा दाणा! त्याने नळीला टोपण घातले आणि म्हटले, हवा सुधारू दे.

फाल्गुनातली गोष्ट. एके सकाळी आक्का चहा ओतत होती. चहा कपाच्या बाहेर, बशीच्या बाहेर, ओट्यावर वाहत गेला आणि ती ओततच राहिली. सुनेने हात धरला तेव्हा ती म्हणाली, “कप कुठाय गं?”

तिचा एक डोळा कित्येक वर्षांपासून कमजोरच होता. सगळी भिस्त दुसऱ्यावर. मिरजेला नेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासले आणि धनपालला बाजूला घेऊन सांगितले, की चांगल्या डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला आहे. इंजेक्शने देऊ, आणखी बिघडणार नाही असे बघू. पण मधली नजर गेली ती परत यायची नाही. “कडेकडेने उजेड-अंधार कळेल, माणसाचा आकार कळेल. बारीक काही दिसणार नाही.”

परत येताना गाडीच्या खिडकीतून उसाचे फड मागे जात होते. आक्काने चाचपडत भावाचा हात शोधला आणि त्यावर थोपटत म्हणाली, “असू दे रं. पिकलं पान मी. आता काय बघायचं र्‍हायलंय?”

म्हटले आणि तिचा हात थांबला. काय राहिले होते ते दोघांनाही एकाच क्षणी आठवले. आक्काने तोंड खिडकीकडे वळवले, जणू बाहेरचे काही तिला दिसतच होते. धनपालला त्या वेळी गाडी थांबवून उतरून जावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गुरुजींच्या दारात उभा राहिला. हातात पुण्याहून आणलेल्या भिंगाची डबी होती. ती कशासाठी आणली, हे त्यालाही सांगता आले नसते. गुरुजींनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले. त्याने सगळे सांगितले. सांगता सांगता आवाज चढला.

“गुरुजी, तुम्ही माझं भिंग नेलंत तरी कशाला? ते असतं तर कधीच तिला दाखवून झालं असतं!”

असे म्हणताना ते खरे नाही हे त्याला कळत होते. गुरुजींनाही कळत होते. त्यांनी उठून कपाटातून रुमालात गुंडाळलेले भिंग काढले आणि धनपालच्या डबीशेजारी ठेवले. मग बोलू लागले.

“धनपाल, भिंग चंद्र मोठा करतं तसं बाकीचंही सगळं मोठं करतं. हवेतली थरथर, तिपाईचा हेलकावा, आपल्या हाताचा कंप. जेवढी शक्ती वाढवशील तेवढा उजेड पसरून पातळ होतो. नवख्याला हे माहीत नसतं. त्याला वाटतं, मोठं म्हणजेच चांगलं. म्हणून मी ते काढून घेतलं. तुझ्यापाशी लहान भिंग उरलं, त्यातून चंद्र स्वच्छ दिसत होता. तुला दिसत नव्हतं असं नाही, धनपाल. दिसत होतं ते तुला पुरत नव्हतं.”

धनपाल खाली मान घालून ऐकत होता.

“तिच्यासाठीच करत होतो गुरुजी. आयुष्यभर तिनं उरलेलं खाल्लं. म्हटलं, हे तरी तिला चांगलं मिळू दे.”

“ते मला ठाऊक आहे. म्हणून तर हे बोलणं जड जातंय.” गुरुजींचा आवाज मृदू झाला. “तिने तुझ्याकडे चंद्र मागितला होता. उत्तम चंद्र मागितला नव्हता. ‘उत्तम’ हा शब्द तू घातलास, आणि मग त्या शब्दाच्या मागे धावलास. ती दगडावर बसून राहिली.”

बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“आणि माझंही चुकलं. भिंग पिशवीत टाकलं ते न बोलता. वाटलं, तुझं तुला उमजेल, तेच खरं शिकणं. मास्तर माणसाला आपल्या कोड्यांचा फार अभिमान असतो. त्या दिवशी सरळ म्हटलं असतं, की राजमती येईपर्यंत मी इथून हलत नाही, तर तिने चंद्र बघितला असता. मी ‘दाखव तिला’ म्हणालो आणि काठी उचलून निघालो. रात्र व्हायच्या आत घरी पोचायची घाई होती मला.”

धनपालने डोळे पुसले. “आता काय करू?”

“ते मला माहीत नाही,” गुरुजी म्हणाले. आपल्या माजी विद्यार्थ्याला असे उत्तर त्यांनी पूर्वी कधी दिले नसेल. “मी सांगू नये. तिलाच विचार.”

दोन्ही भिंगे गुरुजींच्या टेबलावरच राहिली. धनपाल रिकाम्या हातांनी घरी आला.

त्या संध्याकाळी लगेच त्याला धीर झाला नाही. काही दिवस गेले. आक्का घरात भिंतीला हात लावून फिरायला शिकत होती. स्वयंपाकघरात तिला कोणी काम करू देईना, म्हणून ती नुसती बसून राहायची, आणि हे बसणे तिला अंधत्वाहून जास्त लागायचे. शुक्लपक्ष सुरू झाला. एका संध्याकाळी चंद्र चांगला अर्ध्यावर आलेला पाहून धनपालने दुर्बीण परसात मांडली, नळीला गार होऊ दिले, कमी शक्तीचे भिंग बसवले आणि आत जाऊन आक्कासमोर उकिडवा बसला.

“आक्का, चंद्र दावू?”

आक्का हसली. “आता मला रं काय दिसतंय?”

“ठावं हाय. तरी चल.”

तिने हात पुढे केला. धनपालने तिला धरून स्टुलावर बसवले, तिची हनुवटी हलकेच धरून डोळा भिंगाशी आणला. असे कधीतरी तिने त्याचे तोंड धरून त्याला काजळ घातले असेल. पण ते त्याला आठवणे शक्य नव्हते.

“कुठाय?”

“समोरच.”

“समोर काय न्हाई बाबा. नुसता काळा डाग.” तिने मान थोडी वाकडी केली. “थांब. ह्या बाजूला कायतरी हाय. उजेड हाय! पांढराफेक. ह्योच व्हय?”

“ह्योच.”

“हलतोय की.”

“तो न्हाई हलत. तुझी मान हलतीया.”

आक्का हसली, आणि तिच्या हसण्याने उजेड भिंगाबाहेर निसटला. धनपालने नळी सरकवून पुन्हा आणून दिला. तिने आणखी थोडा वेळ त्या कडेच्या उजेडाकडे पाहिले. मग ती मागे सरली आणि म्हणाली, “माझं एवढंच. आता तू बघ आणि सांग. काय काय हाय तिथं?”

धनपालने डोळा लावला आणि तोंड उघडले. पण सांगायला त्याच्यापाशी काही नव्हते. इतके महिने तो रोज चंद्राकडे बघत आला होता आणि प्रत्येक वेळी त्याने एवढेच पाहिले होते, की अंधुक आहे की नाही. चंद्रावर काय आहे, ते त्याने पाहिलेच नव्हते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यात पहिल्यांदा तो नुसता बघू लागला.

“सांग की,” आक्का म्हणाली.

“रंधा न मारलेली फळी असती का न्हाई, तसं हाय,” तो हळूहळू सांगू लागला. “खडबडीत. आणि गाठ निखळून पडल्यावर फळीला भोक पडतं, तसली भोकं हायत. बारकी, मोठी. एकावर एक.”

“पोकळ?”

“खोल दिसत्यात. एका अंगाला सावली पडलीया, दुसऱ्या अंगाची कड चमकतीया. एका भोकाच्या मधोमध कायतरी उंच हाय. खुंटीवानी. तिच्या शेंड्यावर तेवढं ऊन पडलंय.”

“चंद्रावर ऊन?”

“व्हय. खाली अंधार, आणि शेंडा उन्हात.”

आक्काने दोन्ही हात मांडीवर जुळवून घेतले होते. वखारीच्या दारातच तिचा जन्म गेला होता. फळी, गाठ, खुंटी तिला बोटांनी माहीत होत्या. ऐकता ऐकता तिची बोटे साडीच्या काठावर काहीतरी चाचपत होती.

“आणि डाग?”

“ते डाग न्हाईत. सपाट माळ हायत. करड्या रंगाचं, पाणी आटलेल्या तळ्यावानी.”

मग अगदी साध्या आवाजात तिने विचारले, “धनू, पहिल्या दिशी असंच दिसत हुतं?”

त्याला खोटे बोलता आले असते. गच्चीवर नीट दिसत नव्हते, हे तर खरेच होते. पण ती काय विचारते आहे, हे त्याला कळले.

“गुरुजी आले त्या दिशी असंच दिसत हुतं, आक्का. अगदी असंच.”

आक्काने मान हलवली. तिने दोष दिला नाही आणि ‘असू दे’ असेही म्हटले नाही. आपल्या माणसाने मागितलेले आपण सहसा नाकारत नाही. आणखी चांगले करून देऊ म्हणून ठेवून देतो, आणि ते ठेवणेच नाकारणे होऊन बसते. धनपालला हे कळले तेव्हा त्याची भरपाई होण्यासारखी नव्हती, आणि तसे त्याने स्वतःला भासवलेही नाही. तो स्टुलाच्या बाजूला, मातीवरच गुडघे टेकून बसला होता.

आक्काने चाचपडून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरं,” ती म्हणाली. “म्होरं सांग.”

त्याने डोळे पुसले, डोळा पुन्हा भिंगाशी नेला आणि तो पुढे सांगू लागला.